एनए प्लॉटवर दोन गाई: आधी जमीन बघा

दापोलीजवळ एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉटवर बंगला आहे, मागे दोन गाई आणि थोड्या कोंबड्या पाळायच्या आहेत, शेजारी म्हणतात इथे गोठा चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेजारी अगदीच चूक नाहीत.

शेतजमीन असती तर फार विचारायलाच नको होतं. जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतीच्या इमारतीच्या व्याख्येतच गुरांचा निवारा धरलाय. गावठाणात तर घराला लागून गोठे पूर्वापार आहेत. नवा बांधायचा असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. तुमचा बिगरशेती आदेश मात्र निवासी वापराचा असणार. तो आदेश, मंजूर नकाशा आणि खरेदीखत तिन्ही काढून बसा. लेआउटवाले खरेदीखतात जनावरांबद्दलची अट हळूच घालून ठेवतात आणि आपण सही करताना फक्त क्षेत्रफळ बघतो! चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे असा गोठा नकाशात नसेल तर ते विनापरवाना बांधकामच. प्लॉट नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर गुरं पाळण्याचे तिथले नियम वेगळे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

समजा, कागद जमले. तरी खरं भांडण शेणावरून होतं, तेही पावसात. आपल्याकडे जांभा दगड पाणी पटकन खाली सोडतो, त्यामुळे उघड्या शेणखड्ड्याचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. खड्डा विहिरीपासून लांब आणि तिच्या उताराच्या खालच्या अंगाला घ्या, कडेने बांध घाला, वर छप्पर करा. गोठ्याची जमीन एका बाजूला उतरती ठेवा, मूत्र पन्हळीने थेट माडाच्या अळ्यात जाऊ द्या. पागोळ्यांचं पाणी त्यात मिसळू देऊ नका, नाहीतर आषाढात सगळं अंगणभर.

शेजाऱ्याने उपद्रवाची तक्रार केली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे प्रांत, किंवा शासनाने तसे अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवायचा सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ ते हेच. तेव्हा "गाय आहे, कोण काय करणार" या भरवशावर राहू नका.

मला विचाराल तर या प्लॉटवर गाई नकोत. कोंबड्यांचं हलतं खुराडं ठेवा, कोंबडा मात्र नको, पहाटे चारला लेआउट उठवतो. गाईंची हौसच असेल तर वाडीत कुणाचा तरी रिकामा गोठा भाड्याने मिळेल. हल्ली बरेच ओस पडलेत. कोकण कपिला ही इथली देशी गाय बघा, लहान चणीची, आपल्या पावसाला सरावलेली.