वाचकांचे प्रश्न : घरातला धूर आणि घराचा नियम

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आमचे एकत्र कुटुंब आहे. घरात कोणीही बिडी-सिगारेट ओढत नाही. परंतु माझे चुलत सासरे अधूनमधून मुक्कामाला येतात आणि ओसरीत बसून बिड्या ओढतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दम्याचा त्रास आहे. तरीही ‘आबा, घरमा बिडी नको’ एवढे बोलण्याचे धाडस घरात कोणालाच होत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे, की आपल्यात ओढणारे कोणी नाही, मग नियम कशासाठी करायचा? स्वतः धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या घरी असा नियम असण्याचे प्रमाण खरोखर किती असते?

उत्तर : ताई, खरी मेख सासूबाईंच्या प्रश्नातच आहे. ज्या घरात ओढणारे कोणी नसते, तेथे नियमाची गरज भासत नाही म्हणून तो केला जात नाही. आणि तो केलेला नसतो म्हणूनच पाहुणा काडी ओढतो तेव्हा काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींना घरातील नियमाविषयी विचारतात, तेव्हा उत्तरासाठी चार पर्याय देतात : घरात धूम्रपान चालते; सहसा चालत नाही, पण अपवाद होतात; कधीच चालत नाही; आणि घरात असा काही नियमच नाही. तुमच्या घराचे उत्तर आज चौथे आहे. ते तिसरे आहे अशी समजूत मात्र धूम्रपान न करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची असते, कारण एरवी वर्षभर घरात धूर दिसत नाही.

तुम्ही विचारलेल्या प्रमाणाचा दीर्घकाळ मागोवा अमेरिकेत घेतला गेला आहे. तेथे 1992-93 मध्ये ज्या घरांत एकही प्रौढ धूम्रपान करत नव्हता, अशा घरांपैकी 56.7 टक्के घरांत संपूर्ण बंदीचा नियम होता. 2010-11 मध्ये हे प्रमाण 91.4 टक्क्यांवर गेले. निदान एक जण तरी ओढणारा होता, अशा घरांत याच काळात ते 9.6 वरून 46.1 टक्के झाले. या आकड्यांतील दुसरी जोडी अधिक बोलकी आहे, असे माझे मत आहे. ओढणाऱ्यांच्याच घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांनी बिडी-सिगारेट उंबऱ्याबाहेर काढली, म्हणजे नियम करण्यासाठी कोणाचे व्यसन सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र 1992-93 मध्ये न ओढणाऱ्यांच्याही शंभरांपैकी त्रेचाळीस घरांत असा नियम नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. तुमचे घर त्याच पंक्तीत बसते.

आपल्या देशाचे चित्र पाहू. याच सर्वेक्षणाच्या 2016-17 च्या फेरीनुसार भारतात 10.7 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. पुरुषांत हे प्रमाण 19 टक्के, तर स्त्रियांत 2 टक्के होते. घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागणाऱ्या प्रौढांचे प्रमाण मात्र 38.7 टक्के आढळले. 2009-10 मध्ये ते 52.3 टक्के होते, म्हणजे घट झाली आहे, आणि ती बरीच आहे. तरीही ओढणारे शंभरांत अकरा आणि घरात धूर सोसणारे शंभरांत एकोणचाळीस, ही तफावत राहतेच. एकत्र कुटुंबात एक माणूस पेटवतो आणि सहा-सात जण श्वास घेतात, त्यात पाहुण्यांची भर पडते, असा त्याचा सरळ हिशेब आहे. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ त्या फेरीत अवघे 3.8 टक्के आढळले. आपल्या राज्याचे मुख्य व्यसन न ओढायच्या तंबाखूचे, म्हणजे मळलेली तंबाखू, मशेरी वगैरेंचे; ते 24.4 टक्के प्रौढांत आढळले. त्यामुळे आपल्याकडची बहुसंख्य घरे तुमच्यासारखीच असावीत : ओढणारा घरचा नाही.

मुलाच्या दम्याविषयी लिहिताना मला अधिक स्पष्ट बोलावे लागेल. दुसऱ्याच्या धुरामुळे मुलांमध्ये दम्याचे झटके वाढतात आणि तीव्र होतात, कानाचे व छातीचे संसर्ग वारंवार होतात; न ओढणाऱ्या प्रौढांमध्ये हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो. या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तेथील सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2006 च्या अहवालात नोंदवलेला आहे. तेव्हा ‘कधीतरीच तर येतात’ हा युक्तिवाद तुमच्या मुलाच्या बाबतीत टिकत नाही.

कायद्याची मदत येथे होणार नाही. 2003 च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे, 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे सुधारित नियम देशभर लागू झाले आणि दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे. परंतु तुमची ओसरी हे सार्वजनिक ठिकाण नव्हे. घराचा नियम घरानेच करायचा असतो.

तो करताना अपवादांचे दार उघडे ठेवू नका. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे हमखास घडते. सासुरवाशिणी लेकरांसह माहेरी आलेल्या असतात, बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असते, म्हणून पत्त्यांचा डाव ओसरीत किंवा बैठकीच्या खोलीतच पडतो, दारे लोटलेली असतात आणि डावाबरोबर बिड्याही फिरतात. वर्षभर पाळलेला संकेत नेमका घरात सर्वांत जास्त मुले असतात त्या दिवसांत मोडतो. सर्वेक्षणातला ‘अपवाद होतात’ हा दुसरा पर्याय म्हणजे आपल्या भाषेत आखाजीच होय.

आबांना हे तुम्ही सांगू नये, असे मला वाटते. सुनेने सांगितले की नियम बाजूला पडतो आणि मानापमान सुरू होतो. तुमच्या सासऱ्यांनी किंवा यजमानांनी सांगावे, आणि तेही बिडी हातात येण्यापूर्वी, शक्यतो ते यायच्या आधी फोनवर. ‘बिडी वाईट’ असे म्हणण्याऐवजी ‘पोराला धाप लागते, डॉक्टरांनी घरात धूर नको म्हणून सांगितले आहे’ असे म्हणावे. नातवापुढे बहुतेक आजोबा हट्ट धरत नाहीत. अंगणातल्या निंबाखाली खाट टाकावी, थोटके टाकायला पाण्याचा डबा तेथेच ठेवावा, चहाही तेथेच न्यावा. पाहुणचारात उणेपणा आला नाही, हे त्यांना दिसले पाहिजे. ओसरीतली राखेची वाटी मात्र त्याच दिवशी उचलावी. ती समोर असेपर्यंत नियमाला कोणी भीक घालणार नाही.

प्रश्न : आम्ही भुसावळला फ्लॅटमध्ये राहतो. माझे यजमान घरात न ओढता गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतात, तरी उन्हाळ्यात खोलीत वास येतो. कूलर चालू असूनही असे का होते?

उत्तर : कूलर चालू असल्यामुळेच होते. तुमचा कूलर बहुधा गॅलरीकडच्या खिडकीला बसवलेला असावा. त्याचा पंखा मागच्या व बाजूच्या जाळ्यांतून बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून खोलीत फेकतो. यजमान त्याच गॅलरीत, कूलरच्या पाठीशी उभे राहिले, तर तोंडातून सुटलेला आणि जळत्या टोकातून निघणारा असा दोन्ही धूर पंखा थेट आत आणतो. ओले गवत हवा गार करते. सिगारेटच्या धुराचे सूक्ष्म कण त्यात अडकून राहत नाहीत. हीच गोष्ट खिडकीजवळ उभे राहण्याची आणि दार लावून वेगळ्या खोलीत बसण्याची. 2006 च्या ज्या अहवालाचा वर उल्लेख केला आहे, त्यातही हेच म्हटले आहे, की खोल्या वेगळ्या केल्याने, हवा खेळती ठेवल्याने किंवा यंत्राने शुद्ध केल्याने न ओढणाऱ्याचे पुरेसे रक्षण होत नाही. त्यांनी इमारतीखाली मोकळ्यावर, इतरांच्या खिडक्यांपासून दूर जावे. मे महिन्यात दुपारी खाली उतरणे त्यांना जिवावर येईल हे खरे, आणि त्यामुळे दोन सिगारेटी कमी झाल्या तर कोणाचेच बिघडणार नाही. सोडण्याचा विचार मनात असेल, तर 1800-11-2356 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

प्रश्न : बिडी पानाची असते, म्हणून तिचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य असतो असे आमच्याकडे म्हणतात. हे खरे आहे का? (शहादा)

उत्तर : नाही. सातपुड्यातून येणारे टेंभुर्णीचे पान हे केवळ वेष्टन आहे. आत तंबाखूच असते. ते पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसते आणि बिडी वारंवार विझते, म्हणून ओढणारा अधिक झुरके आणि अधिक जोराने घेतो. डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या बाबतीत बिडी सिगारेटच्या मागे नाही. घरात मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजली जात असेल, तर तिचा धूरही तंबाखूचाच धूर आहे. तेव्हा घरात बंदीचा नियम करताना केवळ पुरुषांच्या बिडीवर बोट ठेवू नये. तो तवाही त्या नियमात धरावा.