वाचकांचे प्रश्न : पणजीजवळचे रायबंदर

प्रश्न : पणजीत नोकरी लागली आहे. जवळच गावपण टिकलेली वस्ती सुचवाल का?

उत्तर : रायबंदरचा विचार अवश्य करावा. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या सुमारे 3 किलोमीटरच्या बांधरस्त्याने पणजीहून निघालात, की एका अंगाला मांडवी नदी आणि दुसऱ्या अंगाला खारफुटी व मिठागरे दिसतात, आणि पुढे कौलारू घरांची, दाराबाहेर बसायला ‘सोपे’ म्हणजे बांधीव बाके असलेली शांत वस्ती सुरू होते. धक्क्यावरून फेरीबोटीने चोडण बेटावर जाता येते. तेथील सलीम अली पक्षी अभयारण्य तर, माझ्या मते, या शेजाराचे खरे वैभव आहे. रस्ता मात्र अरुंद असल्यामुळे घर पाहतानाच गाडी उभी करण्याची सोय विचारून घ्यावी.