तुझ्या नावातलं बाबाचं नाव

मनू बाळा,

काल फोनवर तू विचारलंस की माझ्या नावात मधे 'संदीप' कशाला, शाळेत टीचरने पूर्ण नाव वाचलं की मुलं हसतात, मुलीला मुलाचं नाव कसं म्हणून. नीट सांगते, अडलं तर आजीकडून वाचून घे.

इकडे न्यू जर्सीत मधलं नाव म्हणजे आईबाबांना आवडलेलं आणखी एखादं नाव. आपल्यात तिथे बाबाचं नाव लावतात, मुलगी असो की मुलगा. सचिन रमेश तेंडुलकर, तर रमेश हे सचिनचे बाबा. भीमराव रामजी आंबेडकर, तसंच. आजीच्या बिल्डिंगमध्ये खाली जिन्यापाशी नावांचा बोर्ड आहे ना, तो वाच, कोण कोणाचा मुलगा ते लगेच कळतं. माझी दहावीची मार्कशीट आजीच्या कपाटात असेल, त्यावर आधी आडनाव, मग मी, मग आजोबा. लग्नानंतर बऱ्याच बायकांचं मधलं नावही बदलतं आणि तिथे नवऱ्याचं येतं, आजीचं बदललं, मी नाही बदललं, मला आजोबांचंच हवं होतं.

आणि तू म्हणालीस मग तुझं नाव का नाही, ते मला फार आवडलं, कारण मलाही ते खटकतं. बाळाला वाढवायचं आईने आणि नावात ती कुठेच नाही? आता महाराष्ट्रात नियम झालाय, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग बाबाचं, मग आडनाव. आणि हे काही आजचं फॅड नाही गं, सातवाहनांचा एवढा मोठा राजा, तो आईच्या नावानेच ओळखला जातो, गौतमीपुत्र सातकर्णी. तुला तो नियम लागू नाही, पण मोठी झाल्यावर माझं नाव लावावंसं वाटलं तर खुशाल लाव, मला खूप आनंद होईल.

फक्त कोणी हसतं म्हणून बाबाचं नाव गाळू नकोस. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली की आधी मी टीचरशी बोलेन. आणि तुझ्या बाकावरचा जेकब हसतो ना, त्याला त्याच्या बाबाचं नाव विचार आणि आपल्या पद्धतीने त्याचं अख्खं नाव मोठ्याने म्हणून दाखव, बघ तोच म्हणेल परत म्हण.

तुझी आई