तळ्याच्या गाळावरून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस खरोखर कळतो का?

तळ्याचा गाळ आणि त्यातले परागकण पाहून हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाविषयी जे सांगितले जाते ते शास्त्र आहे की निव्वळ तर्क, असे आपण विचारले आहे. मी परागकणांच्या विश्लेषणाचे काम केलेले आहे, आणि माझ्या मते ते भक्कम शास्त्र आहे. मात्र एकट्या परागकणांच्या भरवशावर ते उभे राहत नाही.

परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट पदार्थाचे असते. प्राणवायू न पोहोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षे टिकते. इतके की, नमुन्यातील माती आणि वाळू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने विरघळवून टाकली तरी कवचे शाबूत उरतात. मायक्रोस्कोपखाली गवताचा कण गोल, जवळजवळ गुळगुळीत आणि एकाच छिद्राचा दिसतो. छिद्राभोवती उठून दिसणारी कड असते. पाइनच्या कणाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो आणि जिथे पाइनचे एकही झाड नाही अशा ठिकाणच्या गाळातही सापडतो. प्रत्येक थरातले साधारण 200 ते 300 कण ओळखून मोजले की त्या काळच्या वनस्पतींचे प्रमाण हाती येते, आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधता येतो.

हे प्रमाण जसेच्या तसे घेता येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर सारे रान केशरी करणारा पळस आपले परागण मुख्यतः पक्ष्यांकडून करून घेतो, त्यामुळे गाळात त्याची नोंद फारच तुटपुंजी उमटते. उलट वाऱ्यावर पराग उधळणारे गवत वाजवीपेक्षा जास्त दिसते. म्हणूनच आजच्या जंगलांतील जमिनीवरचे नमुने तपासून, कोणत्या वनात कोणते पराग किती पडतात, हे आधी ठरवावे लागते. शिवाय झाडे कमी झाली ती पाऊस घटला म्हणून की माणसाने तोडली म्हणून, हे परागकण एकटे सांगू शकत नाहीत.

इथे गाळाची स्वतःची साक्ष कामी येते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला बाहेर पडणारा प्रवाह नाही. आत आलेले पाणी मुख्यतः बाष्पीभवनानेच कमी होते. तिथून काढलेल्या सुमारे 10 मीटर लांबीच्या गाळात जवळपास 11,000 वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीच्या थरांमध्ये गेल्युसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. हे खनिज खारे, अल्कधर्मी पाणी आटून फार दाट झाल्यावरच तयार होते, म्हणजे कुऱ्हाडीचा संशय इथे घेता येत नाही. त्यांपैकी पहिल्या कोरड्या काळाला मेघालयातील मॉम्लुह गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून थराथराने वाढलेल्या चुनखडी स्तंभाचाही दुजोरा मिळतो. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूवैज्ञानिक कालखंडाला 2018 मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले ते त्याच स्तंभाच्या आधारे. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा नोंदी जुळतात, तेव्हा माझा विश्वास बसतो. तरीही यातून ‘पाऊस वाढला’, ‘घटला’, ‘तळे आटले’ एवढेच खात्रीने म्हणता येते. अमुक वर्षी अमुक मिलिमीटर पाऊस झाला, असे नाही.

सर्वांत नाजूक भाग कालमापनाचा आहे. गाळात किरणोत्सर्गी कार्बन किती उरला आहे यावरून त्याचे वय काढतात; या कार्बनचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा होण्याचा काळ, 5,730 वर्षे आहे. पण तळ्यातल्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असेल तर गाळाचे वय प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. म्हणून काठावरून वाहून आलेले पान किंवा लाकडाचा तुकडा मिळाला तर तो आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. कालमापन बदलले की कथाच बदलते, हे राजस्थानात दिसले आहे. परागकणांचे अभ्यासक गुरदीप सिंग यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या खाऱ्या तळ्यांतील परागकणांवरून असे मांडले की, हडप्पा संस्कृती पावसाच्या काळात बहरली आणि कोरडेपणा वाढल्यावर ओसरली. त्यांपैकी लूणकरणसर तळ्याच्या गाळाचे अधिक नेमके कालमापन 1999 मध्ये पुढे आले, आणि ते तळे हडप्पा नगरांच्या ऐन भरभराटीच्या कितीतरी आधीच आटले होते असे दिसले. सिंग यांनी मोजलेले परागकण त्यामुळे खोटे ठरले नाहीत. त्यांच्यावरून काढलेला कार्यकारणभाव मात्र पुन्हा तपासावा लागला.