आठ दिवस झाले मांड्या-खांदे दुखतायत, जिममधलं लॅक्टिक ॲसिड असेल का?

लॅक्टिक ॲसिड नाही हो, ते व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासात निघून जातं. जिमचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लई असतं, स्नायूला बारीक इजा होते म्हणून, मग आपोआप उतरतं. तुमचं आठ दिवस झाले तरी उतरंना म्हणताय म्हणून लिहायला बसले.

माझं सासर जिंतूर तालुक्यात. लग्नानंतरच्या दुसऱ्या कापूस वेचणीला मांड्या अशा भरून यायच्या की कमरेची ओटी रिकामी करायला खाली बसले की उठणंच व्हायचं नाही, पऱ्हाटीला धरून उठायचे, एकदा पऱ्हाटीच मोडली. जाऊबाई दिवसाला पन्नास किलो वेचायच्या अन् मी वीस. "आमाला न्हाई दुखत ते," असं सगळ्या बायांसमोर. गावातले डॉक्टर दर आठवड्याला कमरेत इंजेक्शन द्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी परत तेच. वजन वाढलं, केस गळाले, सगळे पंख्याखाली अन् मी चादर घेऊन, पण घरच्यांचं ठरलेलं, सुनेची नाटकं.

शेवटी भाऊ परभणीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला फक्त उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं. नाही उठता आलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, ६२ निघाला, चार-पाचच्या आत पाहिजे असतो. थायरॉईड पार बसलेलं, त्यानं स्नायू दुखतात पण अन् कमजोर पण होतात. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासानं, त्या चहावरून पण घरात महिनाभर भांडण, सगळ्यांसोबत चहा न पिणं म्हणजे मी मोठी मॅडम झाले म्हणे. तीन महिन्यात पायऱ्या नीट चढायला लागले.

म्हणून इंजेक्शनं घेत बसू नका, टीएसएच, सीपीके (स्नायूला इजा झालीय का ते रक्तातून कळतं) अन् डी जीवनसत्त्व तपासा. हां, प्रत्येकाला थायरॉईडच असतं असं नाही, नुकताच ताप येऊन गेला असंल तर चिकनगुनिया-डेंगू बघा, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असंल तर डॉक्टरला सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. अन् लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, स्नायू लई तुटले की किडनीवर येतं.

जाऊबाईंना मागच्या महिन्यात म्हणलं, तुमी पण एकदा तपासून घ्या. मला काय धाड भरलीय म्हणे. उठताना मांडीवर हात टेकवतात, मी बघितलंय.