एकच तपासणी, दोन निष्कर्ष

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ आहे. गेली तीन वर्षे तिला शौचाला फार कुंथावे लागते आणि तरीही पोट साफ झाल्याचे समाधान मिळत नाही. तिच्या गुदाशयाच्या मॅनोमेट्रीचा (गुदाशय व गुदद्वारातील दाब मोजण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला होता. सहा महिन्यांनी दुसरीकडे केलेल्या त्याच तपासणीत ‘डिससिनर्जिया’, म्हणजे कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल न पडता आवळले जातात, असे निदान झाले. कोणता रिपोर्ट खरा मानावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही ठिकाणी तपासणी नीट झालेली असूनही असा फरक पडू शकतो. रक्तातील साखर कुठेही मोजली तरी आकडा साधारण तोच येतो, तसे या तपासणीचे नाही. दाब मोजणाऱ्या नळीत पाणी वाहते की सेन्सर बसवलेले आहेत यावर आकडे बदलतात. शिवाय स्त्री आहे की पुरुष, वय किती, बाळंतपणे किती झाली, यांनुसार ‘नॉर्मल’ची मर्यादाही बदलते. त्यामुळे एका यंत्राची मर्यादा दुसऱ्या यंत्रावरील आकड्यांना लावता येत नाही.

याहून महत्त्वाची बाब तपासणीच्या खोलीतली आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, गुदद्वारातून बारीक नळी आत सरकवतात आणि मग ‘आता शौचाला बसल्यासारखे कुंथा’ असे सांगतात. जिने जन्मभर दार लावून, उकिडवे बसून शौच केले, तिला परक्या माणसांसमोर आडवे पडून हे जमेलच असे नाही. संकोचाने स्नायू आवळले जातात आणि दाबाच्या आलेखावर डिससिनर्जियासारखेच चित्र उमटते. पूर्णपणे निरोगी माणसांतही ते पुष्कळदा दिसते. सूचना कशी दिली जाते यानेही फरक पडतो. नुसते ‘आवळा’ म्हणण्यापेक्षा ‘वायू अडवायचा आहे असे समजून आवळा’ असे सांगितले, तर रुग्णाला नेमके काय करायचे ते कळते. तपासणी करणाऱ्याने धीर देऊन, न घाई करता समजावून सांगणे हा माझ्या मते या तपासणीचाच भाग आहे.

हा गोंधळ कमी व्हावा म्हणून या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एक समान पद्धत ठरवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘लंडन वर्गीकरण’ ते हेच. नळी बसवल्यावर ३ मिनिटे थांबायचे, मग १ मिनिट विश्रांतीचा दाब नोंदवायचा, त्यानंतर आवळणे, खोकणे व कुंथणे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळात करून घ्यायचे, असा तिचा आराखडा आहे. फुग्याने गुदाशयाची संवेदनाही तपासली जाते. तुमच्या आईंच्या दृष्टीने त्यातील सर्वांत उपयोगी भाग म्हणजे फुगा बाहेर टाकण्याची चाचणी. गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात साधारण ५० मिलिलिटर पाणी भरतात, रुग्णाला आडोशाला कमोडवर बसवतात आणि तो बाहेर पडायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहतात. आलेखात डिससिनर्जिया दिसला, पण फुगा ठरलेल्या वेळेत बाहेर पडला, तर हे वर्गीकरण त्या आलेखाला अनिर्णित ठरवते. पचनसंस्थेच्या अशा तक्रारींच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय ‘रोम निकषां’तही (२०१६) या निदानासाठी किमान दोन वेगळ्या तपासण्यांत दोष दिसावा लागतो.

म्हणून दोन्ही रिपोर्ट मूळ आलेखांसह पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि तपासणी लंडन पद्धतीने झाली होती का, फुग्याची चाचणी केली होती का, हे विचारा. केली नसेल, तर आधी ती करून घ्या. आई गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी मलावरोध वाढतो. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा हिमोग्लोबिन कमी होणे यांपैकी काही असेल, तर हे सारे बाजूला ठेवून आधी कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याबद्दल) विचारावे. फुग्याच्या चाचणीतही दोष आढळला, तर बायोफीडबॅक हा चांगला उपचार आहे. त्यात पडद्यावर स्वतःचा आलेख पाहत कुंथताना स्नायू सैल सोडण्याचा सराव करायचा असतो, आणि त्यासाठी काही आठवडे नियमित जावे लागते.