पेंटाहोमध्ये तालुका-जिल्ह्यांच्या बदलांचा इतिहास ठेवायचा असेल, तर 'डायमेन्शन लुकअप/अपडेट' ही स्टेप कशी लावावी?

तुमची अडचण मला समजली ती अशी. 2012 पासूनची विक्री तालुकानिहाय मांडणारे डेटा वेअरहाउस (अहवालांसाठी वेगळा ठेवलेला डेटाबेस) तुम्ही पेंटाहो डेटा इंटिग्रेशनवर, म्हणजे डेटा भरण्याच्या पूर्वीच्या केटल या टूलवर, चालवता. तालुक्यांच्या टेबलातच (अशा वर्णनाच्या टेबलाला डायमेन्शन म्हणतात) जिल्ह्याचे नावही ठेवले आहे आणि ते भरणाऱ्या 'डायमेन्शन लुकअप/अपडेट' या स्टेपमध्ये, म्हणजे टप्प्यात, सर्व कॉलमांना 'इन्सर्ट' हा पर्याय दिला आहे. परिणामी जिल्हानिहाय अहवालात उस्मानाबाद आणि धाराशिव अशा दोन वेगळ्या ओळी येतात, पालघर जिल्हा 2012 सालीही दिसतो, आणि कऱ्हाड तालुक्याच्या नव्या आवृत्त्या रोज रात्री तयार होतात. या तिन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत. पहिल्या दोन तर एकमेकींच्या इतक्या विरुद्ध आहेत की एकीवरचा सरळ उपाय दुसरी बिघडवतो.

उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा फक्त नाव बदलले. जिल्हा तोच राहिला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेही असेच. पालघरची गोष्ट निराळी आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे निघाले. म्हणजे वसईची 2013 ची विक्री खरोखरच ठाणे जिल्ह्यातील होती आणि 2015 ची पालघर जिल्ह्यातील. पहिल्या प्रकारात जुन्या नोंदीही नव्या नावाखाली याव्यात अशी अपेक्षा असते, तर दुसऱ्या प्रकारात जुन्या नोंदी जिथे होत्या तिथेच राहिल्या पाहिजेत. कोणता कॉलम कोणत्या प्रकारचा आहे हे तुम्हाला ठरवावे लागेल. टूलला ते कळण्याचा मार्ग नाही.

या स्टेपच्या 'फील्ड्स' टॅबमध्ये प्रत्येक कॉलमसमोर तीन महत्त्वाचे पर्याय मिळतात. 'इन्सर्ट' निवडल्यास मूल्य बदलताच जुनी ओळ बंद होऊन नवी आवृत्ती तयार होते. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करून फेरफार क्रमांकासह नवे नाव लिहितात, तसा हा व्यवहार आहे. डेटा वेअरहाउसवर लिहिणारे राल्फ किंबॉल यांच्या मांडणीतील टाइप 2 म्हणतात ते हेच. 'अपडेट' निवडल्यास नवी ओळ होत नाही, सापडलेल्या आवृत्तीतीलच मूल्य बदलते आणि त्याआधीच्या आवृत्त्या तशाच राहतात. 'पंच थ्रू' मात्र त्या की-च्या (तालुका ओळखणाऱ्या क्रमांकाच्या) सर्व आवृत्त्यांमध्ये, अगदी पहिल्यापासून, नवे मूल्य लिहितो. काही पुस्तकांत आणि ब्लॉगांत 'अपडेट' म्हणजेच टाइप 1 (इतिहास न ठेवता जुने मूल्य पुसून नवे लिहिणे) असे सांगितलेले आढळते. पण ज्या टेबलात आधीच आवृत्त्या आहेत तिथे खऱ्या अर्थाने टाइप 1 ठरतो तो 'पंच थ्रू'.

आता मोह असा होतो की जिल्ह्याच्या नावाला 'पंच थ्रू' द्यावा, म्हणजे उस्मानाबाद सगळीकडे धाराशिव होईल आणि प्रश्न मिटेल. तसे करू नका. 'पंच थ्रू' काम करतो तो तालुक्याच्या की-वर, जिल्ह्याच्या नव्हे. तुळजापूर तालुक्याच्या सर्व आवृत्त्यांत उस्मानाबादच्या जागी धाराशिव येईल हे ठीकच आहे. पण वसईच्या बाबतीतही जिल्ह्याचे नाव 'ठाणे' वरून 'पालघर' असेच बदललेले दिसते, त्यामुळे तोच पर्याय वसईच्या 2014 पूर्वीच्या आवृत्तीवरही 'पालघर' लिहून टाकील. जिल्हा कोडला 'इन्सर्ट' दिलेला असला तरी नावाच्या कॉलमचे हे नुकसान टळत नाही: कोड ठाण्याचा आणि नाव पालघरचे, अशी विचित्र ओळ तयार होते. एका कॉलममध्ये दोन प्रकारचे बदल मिसळलेले असल्यामुळे या तीनपैकी कोणताही पर्याय त्याला पुरा पडत नाही.

म्हणून जिल्ह्याचे नाव तालुक्यांच्या टेबलातून बाहेर काढा. तालुक्यांच्या टेबलात फक्त जिल्हा कोड ठेवा आणि त्याला 'इन्सर्ट' द्या. जिल्ह्यांचे 36 ओळींचे एक छोटे वेगळे टेबल करा. त्यात कोड आणि आजचे नाव एवढेच असेल आणि ते भरायला साधी 'इन्सर्ट / अपडेट' स्टेप पुरते, कारण तिथे इतिहासच ठेवायचा नाही. अहवाल करणाऱ्यांना दोन टेबले जोडायचा त्रास नको असेल तर त्यांच्यासाठी एक व्ह्यू, म्हणजे दोन्ही जोडून दाखवणारी साठवलेली क्वेरी, करून द्या. डायमेन्शन असे तोडू नये असा दंडक काही जण सांगतात. एरवी मीही त्याच बाजूचा आहे, पण साडेतीनशेच्या आसपास ओळींच्या टेबलात वेगाचा प्रश्न येत नाही आणि इथे बरोबर उत्तराची किंमत जास्त आहे. बिलावर त्या काळी छापलेले जिल्ह्याचे नाव लेखापरीक्षणासाठी हवे असेल, तर ते वेगळ्या कॉलममध्ये 'इन्सर्ट' देऊन ठेवता येते. अहवालांचे गट मात्र त्यावर करू नयेत.

'कीज' टॅबमध्ये तालुक्याचा जो क्रमांक देता तो जिल्ह्याच्या क्रमांकावरून बनलेला नाही, याचीही खात्री करून घ्या. तालुक्याच्या क्रमांकात जिल्ह्याचे अंक गुंफलेले असतील तर जिल्हा बदलताच वसईचा क्रमांकच बदलेल, आणि स्टेपच्या दृष्टीने ती जुन्या वसईची दुसरी आवृत्ती न ठरता एक नवाच तालुका ठरेल.

पालघर 2012 मध्ये का दिसतो, याचे कारण तारखांमध्ये आहे. एखादी की पहिल्यांदाच आली की ही स्टेप पहिल्या आवृत्तीची सुरुवात 1900 सालापासून आणि शेवट 2199 सालापर्यंत धरते. हा मूळ हिशेब उपयोगाचा आहे, कारण त्यामुळे जुन्या बिलांनाही जागा मिळते. तुम्ही मात्र पहिला लोड 2014 नंतरच्या यादीवरून केलेला दिसतो, त्यामुळे वसई 1900 पासूनच पालघर जिल्ह्यात गेली. जो इतिहास स्रोतात नाही तो कोणतेही सेटिंग निर्माण करू शकत नाही. तो हाताने पुरवावा लागतो. टेबल रिकामे करून आधी जुनी यादी लोड करा, ज्यात ते आठ तालुके ठाण्याच्या कोडाखाली असतील आणि तारीख तुमच्या सर्वांत जुन्या बिलाची असेल. तो लोड पूर्ण झाल्यावर, वेगळ्या खेपेत, त्याच आठ तालुक्यांच्या पालघर कोडाच्या ओळी 1 ऑगस्ट 2014 या तारखेने द्या. सगळे एकाच खेपेत उरकायचे असेल तर ओळी तालुक्यानुसार आणि त्यात तारखेच्या चढत्या क्रमाने लावून घ्याव्या लागतील; पण दोन खेपांत मधल्या स्थितीवर नजर टाकता येते, म्हणून मला तेच बरे वाटते.

ही तारीख स्टेपला कळते ती 'स्ट्रीम डेटफील्ड' या जागेतून. ती जागा रिकामी ठेवली तर लोड ज्या दिवशी चालला तो दिवस बदलाचा दिवस मानला जातो. समजा, नवी यादी तुमच्याकडे 5 ऑगस्टला आली, तर मधल्या चार दिवसांची वसईची विक्री ठाण्याच्या खात्यावर पडेल. म्हणून बदल अमलात आल्याची तारीख स्रोतातून आणून तिथे जोडा, आणि ती कोणत्याही ओळीत रिकामी राहणार नाही अशी तजवीज त्याआधीच्या स्टेपमध्ये करा.

तारखांचीच आणखी एक बाब सांगतो, कारण ती अहवालात उशिरा उघडकीस येते. बदल झाला की जुन्या आवृत्तीची शेवटची तारीख आणि नव्या आवृत्तीची पहिली तारीख एकच लिहिली जाते, दोन्हीकडे 1 ऑगस्ट 2014, 00:00. स्टेप स्वतः शोध घेते तेव्हा सुरुवातीची तारीख धरते आणि शेवटची वगळते, त्यामुळे तिला अडचण येत नाही. परंतु एखाद्याने अहवालाच्या क्वेरीत 'बिट्वीन' लिहिले तर दोन्ही टोके धरली जातात. आणि बिलांवर बहुधा वेळ नसून फक्त तारीख असल्याने 1 ऑगस्टचे वसईचे प्रत्येक बिल दोनदा मोजले जाते. अशा क्वेरीत सुरुवातीला 'पेक्षा मोठी किंवा समान' आणि शेवटाला निव्वळ 'पेक्षा लहान' अशीच अट हवी.

कऱ्हाडचे कोडे मात्र निव्वळ अक्षरांचे असावे. तुम्ही लिहिले आहे की विक्री आणि वसुली या दोन विभागांच्या याद्या रात्री एकामागून एक लोड होतात आणि नावे देवनागरीत आहेत. 'कऱ्हाड' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या 'र' ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, टाकून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण स्टेप तुलना करते ती आतल्या क्रमांकांची. एका यादीत एक रूप आणि दुसरीत दुसरे असेल, तर प्रत्येक लोड आधीच्याला खोटे ठरवून नवी आवृत्ती करतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण इथे उपयोगी पडत नाही, कारण ते जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही. म्हणून आधी 'रिप्लेस इन स्ट्रिंग' स्टेप लावून एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे. शब्दाच्या टोकाला राहिलेल्या मोकळ्या जागाही तिथेच काढून टाका. असल्या खोट्या बदलांचे ते दुसरे नेहमीचे कारण आहे. शिवाय तालुक्याच्या नावाला 'इन्सर्ट' देण्याची मुळात गरज नाही, तिथे 'पंच थ्रू' च योग्य आहे. वर जिल्ह्याच्या नावाबाबत सांगितलेला धोका इथे नाही, कारण हे नाव त्या की-चेच आहे.

बाकीची सेटिंग्ज थोडक्यात. टेक्निकल की, म्हणजे प्रत्येक आवृत्तीच्या ओळीला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, जर 'टेबल मॅक्सिमम + 1' या रीतीने काढत असाल तर या स्टेपच्या एकापेक्षा जास्त प्रती समांतर चालवू नका, एकच क्रमांक दोघांना मिळू शकतो. अपडेटचा पहिला लोड चालतो तेव्हा स्टेप 'माहीत नाही' या अर्थाची एक रिकामी ओळ स्वतःहून घालते. तिची की शून्य असते, काही डेटाबेसांत ऑटो इन्क्रिमेंट वापरल्यास 1. त्या ओळीत इतर कॉलम रिकामे असतात, म्हणून टेबल बनवताना त्यांना 'नॉट नल' ची अट घातली तर पहिलाच लोड अडतो. इंडेक्सबद्दल शंका असेल तर स्टेपमधले 'एसक्यूएल' बटण टेबलासह आवश्यक इंडेक्सचीही आज्ञा तयार करून देते. पुढे तुम्ही अपाचे हॉपकडे, म्हणजे केटलमधूनच निघालेल्या टूलकडे, वळलात तर हीच स्टेप तिथेही आहे आणि वरचे बहुतेक सगळे लागू पडते.

डायमेन्शन दुरुस्त झाल्यावर विक्रीचे टेबलही पुन्हा भरावे लागेल, कारण त्यातील जुन्या टेक्निकल की आता भलत्याच ओळींकडे बोट दाखवतात. ते टेबल भरणाऱ्या ट्रान्सफॉर्मेशनमध्ये (स्टेपांच्या साखळीत) हीच स्टेप वापरा, पण वरची 'अपडेट द डायमेन्शन' ही खूण काढा आणि 'स्ट्रीम डेटफील्ड' मध्ये बिलाची तारीख द्या; मग ती काही लिहीत नाही, त्या तारखेला लागू असलेल्या आवृत्तीची की तेवढी शोधून देते. भरून झाल्यावर वसईची 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2014 ची बिले काढून पाहा: दोन दिवसांच्या टेक्निकल की वेगळ्या असायला हव्यात. तुळजापूरच्या त्याच दोन दिवसांच्या बिलांची की एकच असायला हवी. शून्य की असलेली बिले किती निघतात तेही मोजा. ती निघाली तर तालुक्याचा क्रमांक दोन्हीकडे सारख्या डेटाटाइपमध्ये आहे का, हे सर्वांत आधी तपासा.